आमच्या बावखलाचे वाटेकरी

मी लिहिलेल्या गावाच्या इतिहासाची एक प्रत अजून घरात आहे. शिलाई मशीनचा एक पाय आखूड पडतो, त्याखाली. एवढ्या वर्षांत त्या पुस्तिकेने केलेलं हे एकच काम मला पसंत आहे.

लिहिली तेव्हा मी पंचेचाळिशीत होते, म्हणजे अक्कल यायला वयाची आडकाठी नव्हती. नंदाखाल गावाच्या बाजूला आमची केळीची वाडी. घरात नवरा, दोन मुलं, सासू. आणि मी प्राथमिक शाळेत बाई. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. स्टेशनाकडून इमारती आमच्या दिशेने सरकत होत्या. गाव आता राहत नाही हे दिसत होतं, आणि ते वहीत उतरवून ठेवायला देवाने मलाच नेमलंय असं मला वाटू लागलं. देव काही बोलला नव्हता. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादर सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं." मी आजूबाजूला बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन सरळ वहीला कव्हर घातलं.

मग चर्चच्या कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, तलाठ्याकडचे सातबारे, म्हाताऱ्यांच्या ओटीवरच्या बैठका. शाळा सुटली की मी तिकडे. घरी बोंबलाचं कालवण दोनदा करपलं. स्वयंपाकघरातल्या दोरीवर मी वंशावळी चिमटे लावून टांगल्या होत्या. मुलगा ताटावर बसला की विचारायचा, "आई, आज पण इतिहास आणि पाव?" मला त्यात विनोदच दिसायचा. त्याला भूक लागलेली असायची.

आमच्या घरामागे बावखल होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बावखल म्हणजे आमच्या वाडवडिलांनी हाताने खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि त्याच्या जोरावर आसपासच्या विहिरी मे अखेरपर्यंत गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहीर गोड राहणं ही साधी गोष्ट नाही. दर मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की, गाळ काढायचा दिवस ठरायचा. घरटी एक माणूस घमेलं घेऊन यायचा. काढलेला गाळ वाडीत केळीच्या बुंध्याशी पडायचा, आणि दुपारी सगळे एका पंगतीला भात-सुकटीचं कालवण जेवायचे. सासू लुगड्याचा काष्टा घट्ट करून तिथे सगळ्यांच्या आधी हजर असे. तिची विहीर आणि तिची वाडी त्या पाण्यावर होती. नवरा गेल्यावर तिने तीन मुलं त्याच वाडीवर वाढवली होती.

मी तिला आय म्हणायची. तिची बोली इथे शाळेतल्या मराठीत लिहितेय, ही माझी जुनी खोड. बाई असल्याचा रोग.

"आय, हे बावखल नक्की कुणाचं?"

"जो गाळ काढायला येतो त्याचं."

"तसं नाही. कागदावर कुणाचं?"

"कागदाने गाळ निघतो का गो?"

सातबाऱ्यावर एकाच मेलेल्या माणसाचं नाव होतं आणि पुढे दोन शब्द: 'व इतर'. हे इतर कोण, कुणालाच माहीत नव्हतं. जमीन घ्यायला येणारे त्या दोन शब्दांपाशी अडकायचे आणि निघून जायचे. सही कुणाची घेणार? मला मात्र त्या 'व इतर'चा भयंकर राग आला. हा काय निष्काळजीपणा! इतिहास असा असतो का?

आयला मी काय करते आहे हे कळलं तेव्हा ती केळी सोलत होती, उन्हात सुकेळी घालायला. हात न थांबवता म्हणाली, "नको उकरू, बाय. नाव लिहिलं की माणूस वाटा मागायला येतो."

"आय, हे संशोधन आहे," मी म्हटलं. मनात म्हटलं, बिचारीला लिहितावाचता येत नाही.

दोन वर्षं लागली. बाप्तिस्म्याच्या नोंदी सातबाऱ्याशी जुळवत मी त्या मेलेल्या माणसाचे सगळे वारस शोधले. तेवीस निघाले. गिरगावात गेलेले, माहीमला गेलेले, दोघे आखातात, एकीचं लग्न पुण्याला. सगळ्यांना माझ्या सुबक अक्षरात पत्रं गेली: 'आपल्या पूर्वजांच्या बावखलाविषयी आठवणी कळवाव्यात.' आठवणी दोघांनीच कळवल्या. बाकीच्यांनी विचारलं की आमचा वाटा किती भरतो. मी ते वाचून नवऱ्याला म्हटलं, "बघा, अजून गावाची ओढ आहे!" त्याने वर्तमानपत्र जरा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं आणि परत वर केलं.

चर्चच्या सणाला पुस्तिका निघाली. मधल्या जोडपानावर बावखलाची वंशावळ, घडी उलगडून बघायची. मला शाल मिळाली. मे महिन्यात शाल, पण मी ती घरापर्यंत अंगावर ठेवली.

पुढच्या महिन्यात एक गृहस्थ घरी आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं. "मॅडम, मला इतिहासाची फार आवड. ह्या सगळ्या मंडळींना एकेक प्रत पाठवावी म्हणतो. पत्ते मिळतील?"

मी पत्त्यांची वही दिली. आयने वाळवलेली सुकेळी मी बशीत घालून दिली. पुस्तिकेवर सही करून दिली, 'इतिहासप्रेमी वाचकास सस्नेह'. चार महिन्यांनी ते पुन्हा आले, ह्या वेळी टाइप केलेली वंशावळ घेऊन. तलाठ्याकडे वारस नोंद करायची आहे, म्हणाले, आणि जाणकार म्हणून साक्षीदारीला तुमच्याशिवाय कोण? मी कागद वाचला. दोन ठिकाणी आजोबा आणि नातवाची अदलाबदल झाली होती. मी लाल पेनाने ती दुरुस्त केली आणि सही केली. शाबासकीची इतकी सवय लागली होती, की तो कागद कशासाठी आहे हे विचारायचं राहून गेलं.

"मॅडम, तुमचं पुस्तक नसतं तर आम्हाला दहा वर्षं लागली असती," ते जाताना म्हणाले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले.

त्या गृहस्थांच्या खरेदीखतावर बावीस जणांनी सह्या केल्या. तेविसावा वाटा आमच्या घरचा. नवरा आणि दीर म्हणाले, आपण एकटे अडून काय करणार? त्यांनीही केल्या. आयला कुणी विचारलं नाही. विचारणारी मीच एक होते घरात, आणि मी तोंड लपवत होते.

बावखल बुजवायला मातीचा पहिला ट्रक आला त्या सकाळी आय मागच्या पडवीत बसली होती. मला म्हणाली, "ते तुझं पुस्तक आण. ती नावं वाच."

मी वाचत गेले. एकेका नावाला ती बोलत होती. "आला." "नाही आला." "ह्याचा बाप यायचा, हा नाही." "ही कोण?" बाहेर ट्रक माती ओतत होता, त्यामुळे मला मोठ्याने वाचावं लागत होतं, वर्गात हजेरी घेतल्यासारखं. तेवीस नावं संपली. गाळ काढायला आलेले सात निघाले.

"मग बाकीचे तू कुठून आणलेस?" आयने विचारलं.

नोंदवहीचं पान नि पान माझ्याकडे होतं.

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ झालं, पाचव्या वर्षी चहा खारट लागायला लागला. केळीची पानं कडेने करपली. ती वाडी आयच्या डोळ्यांदेखत गेली. तोवर फादरांनी मला दुसऱ्या भागाबद्दल विचारलं होतं: शेतांची नावं, जुन्या लग्नातली गाणी. ते सगळं फक्त आयकडे होतं. मी वही घेऊन तिच्या शेजारी बसले.

"माझ्याकडे काय असणार?" ती म्हणाली. "तुझ्या वहीत बघ."

शेवटपर्यंत तिने मला एक गाणं सांगितलं नाही. शेजारच्या पोरींना सांगायची, मी आले की गप्प.

आता मी आजी आहे आणि नातीला शाळेतून प्रकल्प मिळालाय: 'माझे गाव'. चर्चच्या पलीकडे एक बावखल अजून शिल्लक आहे. त्याच्या वाटेकऱ्यांची अर्धी यादी त्या काळात मी केली होती. ती वही मागच्या नाताळात बंबात घातली. पाणी कोमटसुद्धा झालं नाही.

"आजी, ते बावखल कुणाचं आहे?"

"जो गाळ काढायला येतो त्याचं."

"असं नाही चालत. टीचर विचारतील, पुरावा काय?"

"त्यांना म्हणावं, मे महिन्यात घमेलं घेऊन या."

ती खुदकन हसली आणि खाली मान घालून लिहू लागली. अक्षर माझ्यासारखंच आहे तिचं, सुबक. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "पण आजी, कोण कोण येतं? नावं सांग ना."

मी उठले आणि चहा टाकायला गेले. बाटलीतल्या पाण्याचा.