चतकोर भाकरीची सीडी

"कुनाचं भांडं रिकामं परत नाय देत, गुरुजी. चिमूटभर साखर तरी घालावी लागती."

"नवसाबाई, ही सीडी हाय. पातेलं नाय."

"मंग काय झालं? त्यांनी तर कायतरी घालूनच दिली ना?"

समाधान गुरुजी सीडी उलटीपालटी करत राहिले. विंचूरजवळच्या त्या शाळेत नवसाबाई पोरांची खिचडी शिजवायची. पगाराला अंगठा लावायची. दोन हजार सहा साली अपूर्णांकांच्या धड्याची एक सीडी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आसपासच्या नऊ शाळांत फिरत होती. शनिवारच्या बैठकीत ती पुढच्या शाळेला द्यायची होती. वाटलं तर आपलाही धडा सोबत द्यावा, असं ठरलेलं. पण आजवर कुणाला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या धड्यात खोट काढायला सगळे पुढं, स्वतःचा आवाज भरायचा म्हटलं की प्रत्येकाचा घसा बसलेला. समाधान गुरुजींच्या तोंडून 'हाय', 'नाय' जायचं. बाकीचे हसतील, या भीतीनं त्यांनी दसऱ्याला कुंकू लावलेल्या काँप्युटरवरचा कपडाही कधी मनापासून काढला नव्हता.

त्या सीडीतल्या बाई केक कापत, फार शुद्ध बोलत. पोरं विचारत, "उरलेला कुनी खाल्ला?" पाव म्हणजे किती, ते एकालाही सांगता येईना.

"भाकर दाखवा की," नवसाबाई म्हणाली. "चतकोर म्हनलं का शेंबडं पोरगंबी हात पुढं करतं."

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चंदरला बोलावलं. नवसाबाईनं डोईवर पदर घेतला, कॅमेऱ्याकडं एकदाही न बघता भाकरी मोडली. "ही आख्खी. ही अर्धी. अर्धीची अर्धी, चतकोर. अशा तीन घेतल्या, झाली पाऊन." मागं गुरुजी बोलत बोलत फळ्यावर आकडे लिहीत होते. त्यांचं 'हाय' तसंच राहिलं.

शनिवारी बैठकीत ते 'हाय' ऐकून दोघं-तिघं हसलेच. एकानं प्रमाण भाषेचं काढलं. गुरुजी सीडी काढून पिशवीत घालायला लागले. तेवढ्यात शेजारच्या शाळेचे ज्ञानेश सर म्हणाले, "हसून झालं असंल तर द्या इकडं. माझ्या पोरांना हेच पाहिजे."

सीडी त्या खोक्यातून गेली ती गेलीच. बदली झालेल्या कुणा गुरुजींच्या पिशवीतून पार पेठ तालुक्याच्या डोंगरात पोचली. वर्षानं खोकं परत आलं तेव्हा त्यात चार सीड्या होत्या. एकीत अक्काबाई नावाची बाई नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी मोडत होती, तिकडच्या बोलीत सांगत. गुरुजींना निम्मे शब्द कळले नाहीत. पण तिनं तुकडा वर धरला आणि अख्खा वर्ग एका आवाजात बोलला, "चतकोर."

नवसाबाई दारात उभी होती, हातात उलथनं. कधी न पाहिलेली बाई तिच्यासारखीच भाकरी मोडत होती. ती काँप्युटरपाशी सरकली. गुरुजी खुर्चीत बसायचे विसरले.

"नागलीची हाय," ती हळूच म्हणाली, "तरी काठ कुठंच फाटला नाय. लय हात हाय हिचा."

मग खिचडीच्या खोलीतून वास आला. "खिचडी लागली वाटतं," म्हणत ती वळली. जाता जाता म्हणाली, "आता हिच्या खोक्यात काय घालायचं, ते ठरवून ठेवा."

आतून पातेल्यात उलथनं घासल्याचा आवाज येऊ लागला.