संघमित्राच्या घरचा अर्थसंकल्प

सीताबर्डीला मोबाइलचं कव्हर घेत होते, तेवढ्यात दुकानातल्या तरुणानं मला ओळखलं. कधीकाळी माझ्या वर्गात असावा. "मॅडम, तुमाले कळलं ना? मॅडम गेल्या." अख्खी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात घालवलेली मी त्याच्यासमोर उभी होते, मीही मॅडमच, पण नागपुरात नुसतं 'मॅडम' म्हटलं की ती संघमित्रा, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. रडू आलं ते खरं... पण त्याच्याही आधी, क्षणभर, जे आलं तो मत्सर होता. तो गाळून मला तिच्याबद्दल लिहिता येणार नाही.

एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. ती कामठीची, वडील पॉवरलूमवर विणकर, आजोबांनी छप्पन साली इथेच नागपुरात धम्मदीक्षा घेतलेली. मी महाल भागातल्या कापड दुकानदाराची मुलगी. ती हसत म्हणायची, "धागा आमच्याकडे अन् नफा तुमच्याकडे. हाच तर विदर्भाचा प्रश्न आहे वं कुंदे!" मी आठवडाभर डोकं खाजवून जे लिहिलं असतं, ते ती ऑटोची वाट बघताना सहज बोलून जायची. परीक्षेत ती पहिली, मी दुसरी. पुढे एकाच कॉलेजात लागलो, तिथेही तेच. दर अर्थसंकल्पानंतर आम्हा दोघींची व्याख्यानं व्हायची. मी विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाचे तक्ते दाखवायची. ती नुसती उभी राहून विचारायची, "कोळसा आपला, मँगनीज आपलं, वीज आपल्याकडे तयार होते. मंग धूर तेवढा आपल्याकडे राह्यते अन् उजेड काहून जाते?" सभागृह डोक्यावर घ्यायचं. माझ्या भाषणाला लोक वही घेऊन येत, तिच्या भाषणाला घरदार घेऊन.

मग शासनानं प्रादेशिक असमतोल मोजून निधीवाटपाचं सूत्र सुचवायला एक समिती नेमली. नागपुरातून एकच जागा होती आणि नाव माझंही गेलं होतं. देवाधर्माच्या वाटेला न जाणारी मी, त्या दिवसांत टेकडीच्या गणपतीला जाऊन आले. जागा तिला मिळाली. संत्रा बर्फीचा डबा घेऊन ती आधी माझ्याच घरी आली. मी बर्फी खाल्ली.

समितीच्या कामासाठी ती मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत हिंडली आणि परतली ती वेगळीच होऊन. विदर्भावरच्या अन्यायाबद्दल एक सभा होती, मंचावर मीही होते. लोक नेहमीच्या टाळ्या तयार ठेवून बसले होते. ती म्हणाली, "मुंबई-पुण्यानं आपलं नेलं, हे मी जन्मभर सांगितलं. आज दुसरं सांगते. विदर्भाच्या नावानं जे आलं, ते बरंचसं नागपुरातच मुरलं. उड्डाणपूल आपले, मेट्रो आपली, अन् खाणीच्या काठच्या गावाले प्यायचं पाणी नाही. गडचिरोलीसाठी आपणच मुंबई आहोत!"

गोंधळ उडाला. "मॅडम, कोणाच्या बाजूनं बोलून राहिल्या?" कुणीतरी ओरडलं. पाण्याची बाटली मंचावर येऊन आदळली. घाबरलेल्या आयोजकानं माइक माझ्या हातात कोंबला. "ताई, तुम्ही खोडून काढा. आकडे तुमच्याकडे आहेत." आकडे होतेच. माझ्याच तक्त्यांत ती म्हणते तेच दिसत होतं, फक्त ते सभेत म्हणायचं मला सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिला पाडायची अशी संधी पुन्हा आली नसती... मी म्हणाले, "ती बरोबर बोलते आहे."

मग शिव्या दोघींना मिळाल्या. आम्ही हात धरून गर्दीतून बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "मले वाटलं, आज तू मले खाते."

"खाल्लंच असतं. पण तू चुकायले पाहिजे होतं ना."

ती इतकी हसली की आधारासाठी तिला बंद दुकानाचं शटर धरावं लागलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात तिच्या नावापुढे 'नागपूरद्रोही' छापून आलं. माझं नाव कुठेच नव्हतं. मला त्या शिवीचाही हेवा वाटला.

खाणींच्या जिल्ह्यांचा पैसा त्यांच्याच गावांवर खर्च व्हावा, असं वेगळं मत तिनं अहवालात नोंदवलं. अहवाल सादर झाला आणि पुढे त्याचं नाव कुणी काढलं नाही. तिची व्याख्यानांची बोलावणी थांबली, मला येऊ लागली. मी तिचंच म्हणणं मांडायची, जरा सौम्य करून. भाषण संपलं की लोक जवळ येऊन विचारत, "मॅडम कशा आहेत?" मॅडम बऱ्या नव्हत्या. छातीचं दुखणं वाढत गेलं होतं. दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तिनं विचारलं, "यंदा बजेट कधी आहे वं?"

"मार्चात."

"मंग हे बजेट तुलेच ऐकावं लागते."

अर्थसंकल्पाच्या दिवशी मी हुडकेश्वरला तिच्या घरी गेले. दरवर्षी तिचे आजी-माजी विद्यार्थी तिथे टीव्हीवर बजेटचं भाषण ऐकायला जमतात, हे मला माहीत होतं. बोलावणं असूनही मी कधी गेले नव्हते. प्रभाकरभाऊंनी, तिच्या यजमानांनी, दार उघडलं. खोली भरलेली होती. सगळे सतरंजीवर दाटीवाटीनं बसले होते, मीही त्यांच्यात जागा करून बसले. भाषण सुरू झालं. सिंचन झालं, रस्ते झाले, आणि विदर्भाचं नाव घेऊन मंत्र्यांनी एक शेर म्हणायला घेतला. प्रभाकरभाऊंनी रिमोट उचलून आवाज बंद केला आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले. दोन विद्यार्थिनी कप काढायला त्यांच्या मागे गेल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिचा नियम," भाऊ आतूनच म्हणाले. "शेर सुरू झाला का चहा मांडायचा. ती म्हणे, ज्या मुलखाले काही द्यायचं नसते, त्याच्या वाट्याले शेर येते."

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. पडद्यावर मंत्री हात हलवत होते, बाकं वाजत होती, आणि खोलीत फक्त आलं कुटल्याचा आवाज येत होता. माझ्यामागे माझ्यासाठी कुणी असा टीव्हीचा आवाज बंद करील का... चहा आला. सगळ्यांचा पिऊन झाला. शेर केव्हाच संपला होता, पण रिमोटला कुणी हात लावेना.