मोकळी लाइन

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायको गेली, तिलेही नाही. तुम्ही ऐकून घ्या — मंग शिव्या घालायच्या तर घाला.

महाराष्ट्र नवा-नवा झाला होता तेव्हा मी एका लहान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. समोर लाकडी बोर्ड, कानाले हेडफोन. गावाकडून फोन आला की बोर्डावर त्या गावाची पत्री, म्हणजे टिनाची बारकी झडप, खाली पडे. एक दोरी त्या गावाच्या भोकात घालायची, दुसरी ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात. मी दोरी घातली तर माणूस बोलणार, नाही घातली तर बोंबलत बसणार! याचा लई माज होता मले. खोटं काऊन बोलू?

जानेफळच्या पलीकडं एक खेडं होतं. तिथं एकच फोन, पोस्टात; अन् पोस्ट सांभाळायचे पुंडलिक मास्तर. त्यायनं माह्याविरुद्ध वर अर्ज केला होता — ऑपरेटर फोनवर शिवीगाळ करते म्हणून. करतच होतो मी! पण मोठ्या साहेबानं चारचौघात माही अशी हजेरी घेतली, की अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून मास्तरची पत्री पडली की मी आधी आरामात बिडी पेटवायचो, मंग फोन घ्यायचो.

त्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली होती. मास्तरची पत्री पडली. आवाज फाटलेला. "पोलीस ठाणं द्या लवकर, कुऱ्हाडी घेऊन दाराशी आलेत!" धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, खटल्यात मास्तरनं साक्ष दिली होती, ज्यायले ती झोंबली, तेच आले होते.

ठाण्याची लाइन मोकळी होती. मी म्हटलं, बिझी आहे.

काऊन? वाटलं, तडफडू दे जरासा. कुऱ्हाडी-बिऱ्हाडी काही नसन, मास्तर उगाच घाई करून राह्यला — असं वाटलं म्हणू? नाही वाटलं. मले सारं खरं वाटलं होतं. म्हटलं, आधी साहेब म्हणा. ते म्हणाले. "साहेब, पाया पडतो, द्या." मी म्हटलं, अर्जात काय लिहिलं होतं ते सांगा एकदा — अन् मी हसलो. हाव, हसलो.

तेवढ्यात दार फुटलं. मास्तर एकदाच ओरडले. मंग घाव. खच्च — खच्च — मी मोजले नाहीत. कोणीतरी म्हणे, "अजून हालून राह्यला बे, घाल!" अन् घातला. मी हेडफोन काढला नाही. हात गळाले होते म्हणू? कुठचे गळाले! त्याच हातानं मी मंग ठाण्याची दोरी घातली. पहिल्याच घंटीले जमादारानं फोन उचलला. तेव्हा ध्यानात आलं — हे विचारतीन, मास्तरचा फोन केव्हा आला? मी दोरी ओढून घेतली.

संध्याकाळी फौजदार आले. मी सांगितलं, त्या गावची लाइन सकाळपासूनच मेलेली होती. रजिस्टरातही तसंच लिहून टाकलं. रातोरात ते मास्तरच्या गावात पोचलं.

त्या लाइनचा लाइनमन सोनाजी. गरीब माणूस, माह्यासमोर कधी बसायचाही नाही. दुसऱ्या दिवशी तो सायकल घेऊन तार तपासायले गेला. मास्तरच्या पोरायनं त्याले त्याच्याच तारेनं खांबाले बांधलं. "तुह्या तारेपायी बाप मेला आमचा" म्हणत पहारीनं दोन्ही गुडघे फोडले. हाडं बाहेर आली, तरी मारत होते. तो पुन्हा कधी चालला नाही.

मी दवाखान्यात गेलो. त्याले पाहायले नाही हो — तो काय बोलते, ते ऐकायले. तो तापानं फणफणला होता. म्हणे, "भाऊ, मास्तर गेले त्या दिवशी बाराले खांबावर चढून, तारेले फोन जोडून मी तुमच्याशीच बोललो ना? लाइन तर साफ होती."

म्हटलं, सोनाजी, ते आदल्या दिवशी. त्या दिवशी तू तिकडं गेलाच नाही.

तो बराच वेळ आठवत राह्यला. माह्यावर अविश्वास करणं त्याच्या मनातच आलं नाही. मंग ढसाढसा रडायले लागला. म्हणे, "म्हणजे मास्तर माह्यापायीच मेले का हो, भाऊ?"

मी म्हटलं, हाव.