आखूड हाताचं बक्षीस

माझी उंची चार फूट नऊ इंच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर अवलंबून आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत दहा वर्षं मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले, आणि बसमध्ये वरची दांडी आजही माझ्या हाताला लागत नाही. याचा मला राग यायचा. तसा राग मला उंचीच्या मानाने जरा जास्तच दिलेला आहे.

बारावीनंतर मी कोल्हापुरात ऑप्टोमेट्रीला प्रवेश घेतला. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, डोळ्यांतला आजार ओळखून वेळेत डॉक्टरकडे पाठवायचं, अशी चार वर्षांची पदवी. आमच्या गडमुडशिंगीत हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून आत्याने सोपं करून टाकलं: पोरगी चष्म्याच्या दुकानाचं शिकते. मी तिला एकदा तासभर समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग तिच्या जुन्या चष्म्याची काडी बसवून देतेस का म्हणून विचारलं. मी बसवून दिली.

माझं दुसरं वर्ष संपलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, जेवायला सगळे घरी होते. धाकटी बहीण बारावीत गेली होती आणि तिला फार्मसीला जायचं होतं. पुरणपोळीवर दूध ओतता ओतता पप्पा म्हणाले की मोठीचं शिक्षण पुरं होईपर्यंत धाकटीनं थांबावं, दोघींची फी एकदम झेपायची नाही. पप्पा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साचे करतात. ते बोलतात ते विचार करून बोलतात, त्यामुळे त्यावर कुणी काही म्हणत नाही. बहीण नुसती पोळीचा एक घास करून तो ताटात फिरवत बसली. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "माझ्या शेवटच्या वर्षाची फी तुम्ही भरू नका. तेच तिच्यावर घाला."

"आनि तुझी कोन भरणार?" पप्पांनी विचारलं.

"मी बक्षिसातनं भागवते."

काका हसले. आत्यानेही हसून घेतलं. पप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात धुतला, टॉवेलला पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बक्षीस आन. त्याच दिवशी हिची फी भरतो."

आता हे बक्षीस म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या कॉलेजात दरवर्षी तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते आणि त्याची चौथ्या वर्षाची पूर्ण फी माफ होते. लेखी गुणांवर ती मिळत नाही. बाहेरचे परीक्षक येतात, तीन पेशंट बसवतात, आणि पेशंटला एक शब्दही न विचारता नुसत्या उजेडावर त्याचा नंबर काढायचा असतो. लहान मूल असो, बोलता न येणारं माणूस असो, खोटं सांगणारं असो, ज्याला हे जमतं त्याचा हात खरा, असं आमच्यात मानतात.

ते करायचं असं. खोलीत अंधार करायचा. पेशंटच्या समोर हातभर अंतरावर बसायचं. एका हातात रेटिनोस्कोप, म्हणजे दांडीवर छोटा दिवा असलेलं यंत्र, आणि दुसऱ्या हाताने पेशंटच्या डोळ्यापुढे एकेक भिंग धरायचं. उजेडाची रेघ डोळ्यावरून फिरवली की आतून तांबूस चमक परत येते आणि हलते. भिंगं बदलत जायचं. ज्या भिंगाला चमक हलायची थांबते, ते भिंग पकडायचं. पण आपण पेशंटच्या जवळ बसलेलो असतो, म्हणून त्या जवळ बसण्याचा हिशेब वजा करावा लागतो. आमच्या कॉलेजात हे सगळ्यांना पाठ होतं: हातभर अंतर, दीड वजा. फॉर्मवरही रकान्यात "वजा १.५०" छापलेलंच होतं.

आणि माझा नंबर कायम अर्ध्याने चुकायचा.

पावाने चुकला तर कुणी काही म्हणत नाही. अर्धा म्हणजे चूक. मी पुन्हा करायचे, पुन्हा अर्धा. प्रॅक्टिकलच्या मॅडम उंच, करड्या आवाजाच्या, स्वतःचं काम एकदम चोख. त्या माझी वही बघायच्या आणि "लक्ष दे" एवढंच म्हणायच्या. दोन वर्षं मी ते "लक्ष दे" ऐकलं. मी यंत्र बदलून बघितलं, खुर्ची बदलली, एकदा तर दिव्याच्या बॅटरीवर आळ घेतला. वर्गातली एक मुलगी म्हणाली की तुझा हात लेखीचा आहे, प्रॅक्टिकलचा नाही. तिच्याशी मी आठ दिवस बोलले नाही. घरी बहीण मात्र फार्मसीच्या कॉलेजांची माहितीपत्रकं उशीखाली ठेवायला लागली होती. मला दिसू नयेत म्हणून ठेवायची, आणि मला रोज दिसायची.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली. कॉलेजने आम्हा सगळ्यांना नवे पांढरे एप्रन दिले. आई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. नेहमीप्रमाणे ती माझ्या एप्रनाच्या बाह्या उसवून बसली आणि मी तिच्यासमोर चरफडत बसले. हातभर अंतरावर बसते, दीड वजा करते, सगळं सांगतात तसंच करते, तरी अर्धा नंबर उरतोच, असं सगळं मी तिला तिखटमीठ लावून सांगितलं. आईला तेव्हा नंबरातलं काही कळत नव्हतं. तिने माझा दंड धरून टेप लावली आणि मान वर न करता विचारलं,

"हातभर म्हंजी कुनाच्या हातानं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुझ्या बाहीला मी कायम चार बोटं कापड कमी घेते. महाद्वारावर हातानं मोजून गजरा घेताना बी मी इकनारी उंच बाई बघूनच घेते. बुटकीचा हातभर आनि तिचा हातभर एक असतुय व्हय?"

मी तिच्या हातातली टेप ओढून घेतली. बहिणीला समोर खुर्चीवर बसवलं, पेशंटसमोर बसते तशी बसले, हात पुरता लांब करून तिच्या डोळ्यापुढे धरला आणि आईला मोजायला सांगितलं. पन्नास सेंटिमीटर. दीड वजा करायचं असेल तर सदुसष्टाच्या आसपास बसायला लागतं. पन्नासला दोन वजा होतात.

सगळ्यात जास्त राग मला माझाच आला. अंतरावरून वजा किती करायचं, त्याचं सूत्र मला येत होतं. लेखी पेपरात त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. चाळीसला किती, पन्नासला किती, सगळं मी तोंडपाठ लिहून आले होते. नुसतं स्वतःच्या हाताला टेप लावायचं कधी सुचलं नव्हतं. मी रडले आणि हसलेही, आणि आई मधेच म्हणाली की आता टेप दे, बाही अर्धी राहिलीय.

दुसऱ्या दिवशी तिने मला शिवणाचा जाड दोरा बरोब्बर पन्नास सेंटिमीटर मोजून दिला, टोकाला गाठ मारून. तो मी यंत्राच्या दांडीला बांधला. मैत्रिणींचे डोळे तपासले, दोन वजा केले, आणि नंबर बसायला लागले. एकामागून एक बसायला लागले. जिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते तिचेही डोळे तपासले. तिचाही बसला.

मॅडमना हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन वर्षांचं "लक्ष दे" माझ्या पोटात होतं, ते मला तसं सोडायचं नव्हतं. हा माझा स्वभाव चांगला आहे असं माझं म्हणणं नाही.

परीक्षेच्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना बजावलं की फॉर्मवर खाडाखोड चालणार नाही, खाडाखोड दिसली की गुण गेले. माझ्या हातात छापील "वजा १.५०" चा फॉर्म होता. छापलेलं तसंच ठेवून आतल्या आकड्यात अर्ध्याची फिरवाफिरव करता आली असती, कुणाला कळलंही नसतं. पण मग मी दोन वर्षं चुकत होते ती का, हेही कुणाला कळलं नसतं. आणि खोडलं, तर माझ्याबरोबर बहिणीचं वर्षही जाण्याची भीती होती. मी पेन खिशाला लावलं. मग आधी पेशंट बघू म्हटलं.

पहिल्या गगनबावड्याकडच्या एक आजी होत्या, त्या उजेड डोळ्यावर पडला की ओळखीचं माणूस आल्यासारख्या हसायच्या. दुसरे एक रिक्षावाले, त्यांना घाई होती. तिसरी चार वर्षांची चिमुरडी, ती माझ्या दोऱ्याची गाठ धरायला बघायची. मी तिला गाठ धरू दिली. दोरा आपसूकच ताणला गेला आणि अंतर नेमकं राहिलं. सहाही डोळ्यांना चमक कुठे थांबते ते मला अगदी स्वच्छ दिसलं. मी बाहेर येऊन टेबलाशी बसले आणि छापलेलं दीड सहा वेळा खोडून सहा वेळा दोन लिहिलं.

परीक्षक जाड चष्म्याचे, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म बघितला आणि मला परत आत बोलावलं. मॅडम शेजारी उभ्या होत्या. फॉर्म बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे खोडायला तुम्हाला कुणी सांगितलं?" परीक्षकांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. दीड हे उंच माणसाचं आहे. माझा हात एवढाच पोचतो."

आणि मी दोरा ताणून धरला. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढून दोरा मोजला. मग मला खुर्चीत बसवून माझा हात मोजला. मग स्वतः काढलेले नंबर माझ्या फॉर्मशेजारी ठेवले. सहापैकी चार तंतोतंत, दोन पावाने इकडे तिकडे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हा फॉर्म असा किती वर्षं छापला जातोय, असं मॅडमना विचारलं. मॅडमनी माझ्या हातातून दोरा घेतला आणि स्वतःच्या हाताला लावून बघितला.

बक्षीस समारंभाला पप्पांनी पहिल्या पाळीची सुट्टी काढली. इस्त्रीचा शर्ट, आईची निळी साडी, आणि मधे बहीण, तिसऱ्या रांगेत. शिष्यवृत्तीसाठी माझं नाव पुकारलं तेव्हा मी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली. व्यासपीठावर बोलायच्या टेबलामागे गेले तर नुसता भांग दिसत होता म्हणे. सगळं सभागृह हसलं, मीही हसले. पण व्यासपीठावर बसलेल्या मॅडम पुढे आल्या, त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या की चूक या मुलीची नव्हती, चूक माझी होती, मी दोन वर्षं तिला माझ्या हाताने मोजत होते. एवढ्या माणसांसमोर असं बोलायला छाती लागते. माझ्या पोटातलं सगळं तिथेच विरघळलं, आणि मी त्यांच्या पाया पडले, जे मी सहसा कुणाच्या पडत नाही. नवे फॉर्म आले त्यात वजाचा रकाना कोरा आहे, आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या हाताला टेप लागते.

कार्यक्रम संपल्यावर सगळे चहाला वळले. पप्पा चहाला थांबले नाहीत. ते बहिणीला म्हणाले, "कागदं आनलीस न्हवं? चल." तिने बारावीच्या निकालासकट कागदपत्रं पिशवीत आणली होती. ती आदल्या रात्रीच भरली होती, कुणाला न सांगता. आम्ही चौघं तसेच, हारतुऱ्यासकट, फार्मसी कॉलेजच्या खिडकीवर गेलो.

खिडकीतल्या बाईंनी माझ्या हातातली ट्रॉफी बघून सहज विचारलं की ही कसली. मी तोंड उघडायच्या आत पप्पा पुढे झाले. डोळ्यापासून किती लांब बसायचं, उजेड कसा टाकायचा, वजा का करायचं, सगळं त्यांनी सांगायला घेतलं. आमच्याकडंबी तसंच हाय, म्हणाले, लोखंड थंड झालं की आकसतं, तेवढं धरूनच साचा करायला लागतो. एवढं सगळं ते कधी शिकले ते मला माहीत नव्हतं. आईकडून रोज थोडं थोडं विचारून घेतलं होतं, असं मला नंतर कळलं. मग त्यांनी आपला भला मोठा हात खिडकीतून आत लांब केला.

"ह्यो माझा हात. ह्यो धरायचा न्हाय," ते म्हणाले. "तिचा धरायचा."

मागे रांग वाढत होती, लोक चुळबुळ करत होते. बाईंनी त्यांच्या त्या लांबवलेल्या हाताखालूनच बहिणीच्या पावतीवर शिक्का मारला.