फटफटीवरची वाकळ

कोंडाजीला बसलेला पाहिला असं सांगणारा माणूस दहिवलीत शोधून सापडला नसता. तो उभ्यानं जेवायचा, उभ्यानं चहा प्यायचा आणि भजनाला गेलाच तर दाराच्या चौकटीला खांदा टेकवून एखादा अभंग ऐकायचा नि चालू लागायचा. माणसाच्या पायाला भिंगरी असते, ह्याच्या बुडालाच आहे, असं गावात म्हणत. सोनाबाई, त्याची आई, ताट वाढून रोज तेच सांगायची, "बसून जेव रं. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाय." कोंडाजी हं म्हणायचा आणि उभ्यानंच ताट रिकामं करायचा.

पोरपणी तो असा नव्हता. भाताची राखण करायला शेतातल्या माळ्यावर बसवला की दिवस मावळेपर्यंत तिथून हलायचा नाही. मग कुठल्या कुठे पेटलेली लढाई कर्जतपर्यंत आली. भरती करणारे स्टेशनाबाहेर टेबल मांडून बसले, आणि कोंडाजीनं खेचरांच्या पलटणीत नाव घातलं. बाप नको म्हणत होता. तो गेलाच. समुद्रापल्याड बसऱ्याकडे त्यानं काय पाहिलं ते त्याचं त्याला माहीत; सांगायचं म्हटलं तर त्यासाठी कुठेतरी टेकावं लागतं, आणि टेकलं की डोक्यात खेचरं ओरडायला लागायची. म्हणून तो हिंडत राहायचा. लोकांना वाटायचं गडी उनाड आहे. तसं वाटू देणं त्याला सोपं होतं.

तो परत आला तेव्हा बाप नव्हता. मानमोडीच्या तापानं त्या वर्षी गावातली धट्टीकट्टी माणसं उचलून नेली, त्यात बापही गेला. पडवीत बाप जिथे निजायचा ती जागा सारवून मोकळी ठेवलेली होती. कोंडाजी तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग उल्हास नदीकडे चालता झाला. पुढं सोनाबाईनं कितीदा तरी बोलायला तोंड उघडलं. "कोंडा, तुझ्या बापानं..." एवढं होईपर्यंत हा आवाराबाहेर.

शेतीत त्याचं मन लागलं नाही. चिखलात एका जागी वाकून लावणी करायची म्हणजे त्याला शिक्षाच. देवानं मग डॉक्टर गुप्त्यांना सुबुद्धी दिली. लढाई संपल्यावर पलटणीच्या जुन्या फटफट्या विकायला निघाल्या, त्यातली एक डॉक्टरांनी घेतली. घेतली खरी, पण चालवायची कुणी? डॉक्टर पन्नाशीपुढचे, अंगानं भारदस्त, जिभेनं तिखट. दवाखाना कर्जतला, पण रोगी चौक गावापासून खालापूरपर्यंत विखुरलेले. कोंडाजी बसऱ्याला साहेबांच्या फटफट्या चालवायला शिकला होता. तो पुढं, डॉक्टर मागच्या लोखंडी कॅरियरवर, औषधांची पेटी मांडीवर, अशी वरात खडखडत निघाली की रस्त्याकडेची गुरं दावी तोडायची.

कोंडाजीला जगात हवं ते मिळालं. काम असं की ज्यात थांबायचंच नाही. फटफटी रात्री त्याच्याच पडवीत असायची, आणि सकाळी तिच्यावर टांग टाकली की त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा. तिच्यावरही तो पुरता टेकत नसेच म्हणा. पायांवर भार देऊन अर्धा उभा असायचा. पण चालती गाडी होती, तेवढं पुरत होतं.

डॉक्टरांना मात्र पुरेना. रस्ता कसला, खडी आणि खड्डे. खालापूरहून परतताना एकदा त्यांनी दवाखान्यापाशी उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"कोंडाजी," ते म्हणाले, "जातो दुसऱ्याचं दुखणं बघायला आणि येताना माझंच घेऊन येतो. हे काही खरं नाही. दसऱ्यापर्यंत बघतो. नाहीतर ही विकून टांगा घेतो. टांगा जाईल तिथवर जाऊ."

"आन पुढल्या वाड्या?"

"पुढल्यांना मी काय सांगू? माझं हाड मोडलं तर त्यांना बघायला कोण राहणार आहे?"

टांग्याला टांगेवाला लागतो, कोंडाजी लागत नाही. म्हणजे पुन्हा तो चिखल, पुन्हा ती पडवी, आणि बापाची सारवलेली जागा. त्या संध्याकाळी तो पुलावरून तीनदा इकडून तिकडे गेला. घरी आला तेव्हा ठरवून आला होता, की काय वाटेल ते करीन पण डॉक्टरांना नीट बसवीन.

आधी त्यानं गोणपाटात भाताचा पेंढा कोंबून गादी केली. चौक येईपर्यंत पेंढ्याचा भुगा झाला आणि त्याच्या काड्या डॉक्टरांना धोतरातून टोचू लागल्या. मग ठाकरवाडीच्या बुधीनं त्याला सावरीचा कापूस आणून दिला. हसत हसत दिला. "उशीत घालत्यात ह्यो. तू गाडीला निजवतोस का?" सावरीची गादी पहिल्या दिवशी अशी मऊ, की डॉक्टर "वा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी कापूस दोन्ही अंगांना पळाला आणि मधे ते लोखंड पुन्हा उघडं पडलं. चढावर तर डॉक्टर पेटीसकट मागं घसरले; कोंडाजीनं ब्रेक दाबला म्हणून वाचले. मग त्यानं सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती कॅरियरवर गुंडाळली. ही युक्ती खालापूरच्या कचेरीसमोर बार उडाल्यासारखी फुटली. शिपाई बाहेर धावले. डॉक्टर आधीच खाली उतरून चालायला लागले होते, आणि त्या दिवशी अर्धा कोस ते चालतच गेले. कोंडाजी फटफटी ढकलत त्यांच्या मागून.

भादवा लागला. दसरा तोंडावर आला. कोंडाजीची झोप आधीच थोडी, तीही गेली. गाडीभोवती फेऱ्या घालताना त्याला ध्यानीमनी नसताना खेचरांच्या पाठी आठवल्या. त्यांच्या पाठीवर ओझ्याखाली गादी असायची. ती मऊ असली की आतला भरणा सरकायचा आणि पाठीला भगदाड पडायचं. टिकायची ती घडीवर घडी घालून, बोटाबोटाला टाके घालून शिवलेली. कामाचा मऊपणा नाही, न सरकणं. एवढी साधी गोष्ट, आणि आपण पेंढा कोंबत बसलो, म्हणून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

अशी वस्तू घरात असते ती वाकळ. बायाबापड्यांनी वर्षानुवर्षं जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून दाट दाट शिवलेली. पण सोनाबाईची वाकळ ती रोज पांघरायची. कोंडाजी माळ्यावर चढला. भाताच्या कणगीमागं, कांबळ्यात गुंडाळून ठेवलेली एक जुनी वाकळ त्याला सापडली. धुऊन वाळवून ठेवलेली, कापराच्या वासाची. नको असलेली असणार, नाहीतर इतकी आत कशाला ठेवली असती, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आई बांधावर गवत कापायला गेली होती. त्यानं कोयत्यानं वाकळेचे दोन भाग केले. एक डॉक्टरांच्या कॅरियरसाठी, एक स्वतःच्या बसायच्या जिनासाठी. दोन्हींना कर्जतच्या मोच्याकडून कातडं चढवून घेतलं.

डॉक्टर खालापूरला गेले आणि आले. उतरले आणि कमरेला हात न लावता सरळ दवाखान्यात शिरले. मग दारातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "टांगेवाल्याला निरोप पाठव, नको म्हणून."

पण खरी गंमत डॉक्टरांची नव्हती. येताना चौकाच्या उतारावर कोंडाजीच्या लक्षात आलं, की आपले पाय सैल आहेत. आपण पुरते बसलो आहोत. मागचा सगळा रस्ता आपण बसून आलो, आणि डोक्यात काहीच ओरडलं नाही. त्याला ते इतकं नवीन होतं की तो घाबरला. घरी येऊन नेहमीसारखा उभ्यानंच जेवला.

मग पितरांचे म्हाळ जवळ आले. एका दुपारी सोनाबाई माळ्यावरून खाली उतरली ती रिकाम्या हातानं. "कोंडा, माळ्यावर कांबळ्यात गुंडाळलेली वाकळ व्हती. पाहिलीस?"

"कंची?"

"जुनी. तुझ्या बापाची."

गेलेल्या माणसाचं अंथरूण त्याच्याबरोबरच मसणात जातं, ते घरात ठेवत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मानमोडीच्या वर्षी तर घराघराची अंथरुणं जाळली होती. बापाची वाकळ उरली असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्यानं ती कोयत्यानं कापली होती.

"नाय बा," तो म्हणाला. "मी नाय पाहिली."

सोनाबाई पुन्हा माळ्यावर चढली. दुसऱ्या दिवशी तिनं कणगी हलवली. तिसऱ्या दिवशी तिनं गोठा उलथापालथा केला. कोंडाजी पहाटे निघायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, डॉक्टरांना घरी सोडल्यावरही उगाच नेरळच्या रस्त्याला गाडी घालायचा. पण आता गाडीवर बसवेना. कातड्याखाली काय आहे ते ठाऊक झाल्यावर तो पुन्हा पायांवर उभा राहून चालवू लागला, आणि पोटऱ्या दुखून येऊ लागल्या. काढावी तर डॉक्टर पुन्हा लोखंडावर; मग दसरा, टांगा, चिखल. ठेवावी तर म्हातारी रोज नवा कोपरा शोधते. इकडे आड, तिकडे विहीर. आईशी खोटं बोललो याची त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेनं तो आणखीच तिच्यापासून पळत होता.

बापाच्या तिथीची सकाळ आली. डॉक्टरांना खालापूरला लवकर पोचायचं होतं, त्यांचा निरोप रात्रीच आला होता. कोंडाजीनं फटफटी पडवीतून बाहेर काढली. सोनाबाई दारात उकिडवी बसून, सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. तिनं काही विचारलं नाही. शोधून थकली होती. तिचं ते न विचारणं त्याला सहन झालं नाही.

"आये, ती वाकळ मी घेतली," तो म्हणाला. "कापली. हितं हाय, ह्या कातड्याखाली. मला ठावं नव्हतं कुनाची ती. मागनं ठावं झालं, तर खोटं बोललो."

तिनं सूप खाली ठेवलं. आली, आणि जिनावर तळवा ठेवून उभी राहिली. तो शिव्यांची वाट पाहत होता.

"ह्यात हाय?"

"हां. आर्धी ह्यात, आर्धी डाक्टरांच्या खाली. काढतो आत्ता. नदीवर सोडून येतो. तशी ठेवलीस तरी कशाला गं ती?"

"तेच सांगायचं व्हतं," सोनाबाई म्हणाली. "कवाधरनं सांगायचं व्हतं. पन सांगायला तू बसलास कधी रं?"

हँडल कोंडाजीच्या हातात होतं. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर पेटी घेऊन उभे असतील, हे त्याला दिसत होतं. त्यानं गाडी भिंतीला टेकवली आणि दारातल्या पायरीवर बसला. सोनाबाई त्याच्या शेजारी बसली.

तिनं सांगितलं. ताप चढला तेव्हा बाप ह्याच वाकळेवर होता, पडवीत. कर्जत स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की मान उचलायचा. बघ गं, कोंडा आला का. ती उठून फाटकापर्यंत जायची. कुणी नसायचं. नाय आला, म्हणायची. पुढच्या शिट्टीला पुन्हा तेच. नाही गेली तर चिडायचा, म्हणून ती दर खेपेला जायची.

"शेवटाला मला बघवंना," ती म्हणाली. "शिट्टी झाली, मी फाटकापत्तर गेले, आन आत येऊन सांगितलं, आला म्हनून. खोटंच. त्याला डोळ्यानं दिसत नव्हतं तवा. पन त्यो हासला. एका अंगाला सरकला, आन हातानं वाकळ साफ केली, अशी. म्हनला, बस म्हनावं त्याला. दमून आला आसंल."

तिनं पायरीवर हात फिरवून दाखवला, बापानं फिरवला होता तसा.

"मग मी ती मसनात कशी देऊ? तुझी जागा व्हती ती. वाटलं, तू यील, तुला बसवीन त्यावर, आन मग तूच तुझ्या हातानं नदीवर सोड. तर तू काय बसंना."

कोंडाजी रडला. बसऱ्याला रडला नव्हता, आल्यावर रडला नव्हता, ते सगळं आता पायरीवर बसून आलं. सोनाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं, कारण नैवेद्याचे तांदूळ निवडायचे राहिले होते.

मग तिनंच ठरवलं. डॉक्टरांखालचा भाग त्यानं उसवून काढला आणि नदीत सोडला. त्या जागी सोनाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्या. "घाल हे. डाक्टराला सांग, जित्या मानसाचं हाय." कोंडाजीच्या जिनाखालची अर्धी वाकळ मात्र तिनं काढू दिली नाही. ज्यानं बस म्हटलं होतं त्याचाच तो शब्द होता, आणि तो मोडायचा अधिकार आपल्याला नाही, असं तिचं म्हणणं पडलं. नदीवरून येऊन त्यानं कावळ्याला पान ठेवलं आणि मग ओटीवर मांडी घालून जेवला.

दवाखान्यापाशी पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. डॉक्टर पायरीवर उभे, छत्री बगलेत, चेहरा तापलेला.

"खालापूरचा रोगी काय तुझ्या सोयीनं आजारी पडलाय?" ते म्हणाले. "होतास कुठे?"

कोंडाजीनं गाडी वळवून त्यांच्यासमोर उभी केली आणि पेटी हातात घेतली.

"बसलो व्हतो जरा," तो म्हणाला.