काडतुसाच्या जागी झेंडू

गौरवग्रंथात लिहिणाऱ्याचं आणि गौरवमूर्तीचं एकमत असावं, असा एक संकेत आहे. तो मी पहिल्याच परिच्छेदात मोडते. श्री. जनार्दन घरत, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांच्याशी मी कित्येक वर्षं एकाच विषयावर भांडत आले आहे. सामान्य माणसाच्या घरात बंदूक असावी का, आणि असलीच तर कायद्याने ती किती आवळावी, हा तो विषय. नाना वरसाव्याचे शेतकरी आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपणारे पट्टीचे नेमबाज. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी. आजवर एकही बार काढलेला नाही आणि काढायची हौसही नाही. तरी नानांच्या पंचाहत्तरीसाठी लेख मागितला तेव्हा मी एका पायावर तयार झाले. भांडायलाही माणूस तोलामोलाचा लागतो, आणि तो रोज भेटत नाही.

आमची पहिली भेट पोलीस ठाण्याच्या आवारातली. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. माझे सासरे नुकतेच गेले होते. डुकरं हाकायला म्हणून त्यांनी घेतलेली एकनळी बंदूक काशीमीऱ्याच्या जुन्या घरी माळ्यावर पडून होती. यजमान कामानिमित्त बाहेरगावी. तेव्हा सासूबाईंनी ती माझ्या हाती दिली. मी ती चादरीत गुंडाळली, रिक्षात मांडीवर आडवी घेतली आणि निघाले. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत रिक्षा गचके खात होती. बंदूक आडवी मावेना, म्हणून अर्ध्या वाटेत मी ती सरळ केली. नळीचं तोंड त्या रिक्षावाल्याच्या पाठीकडे.

रांगेत माझ्या पुढे पांढरा सदरा घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. हातात चामड्याची नीटस पेटी. त्यांनी माझ्या गाठोड्याकडे पाहिलं.

"सूनबाय, लोड घेऊन आलीस का गादीचा?"

"बंदूक आहे, सासऱ्यांची. रिकामी आहे," मी म्हटलं.

"कुनी बगितली?"

"सासूबाई म्हणाल्या."

"त्यांनी उघडून बगितली?"

त्यांनी शिपायाला विचारून बंदूक हातात घेतली, नळीचं तोंड जमिनीकडे केलं आणि बाजूचा खटका दाबून ती मधोमध मोडली, म्हणजे उघडली. आत काडतूस होतं. रांगेतले सगळे दोन पावलं मागे सरकले. मला मात्र त्या रिक्षावाल्याची घामाने भिजलेली पाठ दिसायला लागली आणि मी तिथल्या बाकावर बसले.

नाना रागावले नाहीत. त्यांनी काडतूस शिपायाच्या हाती दिलं आणि एवढंच विचारलं, "दसऱ्याला पुजलेली काय?"

तेव्हा मला कळलं. आमच्या भागातल्या बंदूकवाल्या घरांत रिकामं शस्त्र पुजायचं नाही, अशी रीत होती. सवाष्णीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत तसंच हे. दसऱ्याला बंदुकीत एक काडतूस घालायचं, हळदकुंकू वाहायचं आणि सोनं लुटून आल्यावर ते काढायचं. सासऱ्यांनी जन्मभर काढलं. त्या वर्षी दसऱ्यानंतर दोनच दिवसांत ते गेले. दुःखाच्या घरात काडतूस कोणाला आठवणार?

मी तिथल्या तिथे नानांना सुनावलं की या सगळ्या बंदुका खाडीत बुडवल्या पाहिजेत. नाना म्हणाले, "बुडव. पन बुडवायच्या आदी उघडून बगायला शीक." आणि रांगेत उभ्या उभ्या त्यांनी मला बंदूक कशी मोडायची आणि नळीतून उजेड कसा पाहायचा ते शिकवलं. आमच्या वादाची सुरुवात ही अशी झाली.

पुढच्या दसऱ्याआधी नाना घरोघर गेले. रीत मोडा म्हणणं सोपं होतं, पण नानांना माणसं ठाऊक होती. वरसाव्याच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी त्यांना ओट्यावरच अडवलं. "बापजाद्यांना अक्कल नव्हती काय? रिकामी पुजली तर घराची पत जाल." नाना शांतपणे म्हणाले, "रिकामी कोन पुज म्हनतो? काडतुसाच्या जागी झेंडू भरा. फूल भरलेलं शस्तर रिकामं थोडंच हाय?" आजोबांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "फुलाला कोन नाय म्हनल?" आज आपल्या भागात दसऱ्याला बंदूक मोडून ठेवतात आणि तिच्यात झेंडू खोचतात. नव्या मुलांना वाटतं, ही पूर्वापार चाललेली प्रथा आहे. मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवते की ती नानांची आहे.

याच ओळखीतून नानांनी मला त्यांच्या नेमबाजी मंडळाच्या सुरक्षा समितीवर ओढलं. मी म्हटलं, मी तर तुमच्या विरोधातली. "म्हनून तर," ते म्हणाले. "घरचं कुत्रं घरच्यांवर भुंकत न्हाय." ही उपमा मला आवडली नव्हती, अजूनही आवडलेली नाही.

नानांची बाजूही मी प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती शहरात कोणी ऐकून घेत नाही. त्यांचं भातशेत जंगलाच्या कडेला आहे. रानडुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळी नांगरल्यासारखी जमीन दिसते. नानांनी आयुष्यात एकाही जनावरावर गोळी चालवलेली नाही. हवेत एक बार, की कळप डोंगर चढतो. एकदा शाळेतल्या परिसंवादात मी आवेशाने म्हटलं, नागरिकाला शस्त्राची गरजच काय? नाना उठून म्हणाले, "बाराव्या माळ्यावर डुक्कर येत न्हाय, मास्तरीन. लिफ्टचा बटन त्याला दाबता येत न्हाय." सगळं सभागृह हसलं, मीसुद्धा. पण खुर्चीत बसता बसता ते पुढे म्हणाले, "बंदूक मना लागते. पन मी बंदुकीला लागतो का, ते कुनीतरी बगायला पायजे." हसण्याच्या भरात हे वाक्य कोणी नीट ऐकलं नाही.

त्या वाक्याचा अर्थ काही वर्षांनी कळला. शस्त्र परवान्यांचे नियम आणखी कडक करावेत, अशी चर्चा सुरू झाली. मंडळाने भागातल्या सगळ्या परवानाधारकांची सभा बोलावली. शेतकरी आले, खेळाडू आले, काशीमीऱ्याच्या गोदामांवर स्वतःची बंदूक घेऊन पहारा करणारे रखवालदार आले. नुसता निषेधाचा ठराव करून चहा प्यायचा, असा बेत होता. अध्यक्ष म्हणून नानांनी तो वाचायचा होता.

नानांनी कागद घडी करून खिशात घातला. "आपल्यातला जो तो म्हनतो, दोष बंदुकीचा न्हाय, मानसाचा. बरं. मंग मानूस तपासू द्या. त्याला कशाला भ्यायचं? कायदा करील तेव्हा करील. आपल्या मंडळात दर वर्षी प्रत्येकाची परीक्षा घेऊ. डोळे, हात, डोकं. जो नापास, त्याच्या परवान्याला मंडळाची शिफारस न्हाय. पहिली माजी घ्या."

गलका झाला. पण मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. त्याआधीच्या पावसाळ्यापासून नानांच्या कपातला चहा बशीत सांडायला लागला होता. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, तो न बोलता पुसत. ती दुनळी बंदूक नानांच्या वडिलांची, तिच्यावर त्यांनी पदकं मिळवलेली, आणि दर रविवारी तबकड्या टिपल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. या परीक्षेत सर्वांत आधी कोण बाद होणार, हे सभेत दोघांनाच कळलं होतं. त्यातले एक ते स्वतः होते.

तेवढ्यात मागून एक वयस्कर रखवालदार उठले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. "नानाजी, हमारी तो बंदूक ही नौकरी है. आँख में फेल कर दोगे तो खाएँगे क्या?"

नाना म्हणाले, "सवाल बराबर है, चाचा. जवाब अभी नहीं है. लेकिन ढूँढेंगे." परीक्षेत चाचा खरोखरच डोळ्यांत अडकले; मोतीबिंदू निघाला. नानांनी त्यांना स्वतः दवाखान्यात नेलं, ऑपरेशन होऊन डोळा सुधारेपर्यंत आपल्या शेतावर काठी घेऊन राखणीला ठेवलं, आणि गोदामाच्या मालकाला भेटून त्यांची जागा राखून ठेवायला लावली. चाचा पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. नियम कडक करणारे पुष्कळ भेटतात. नियमाखाली सापडलेल्या माणसाला हात देणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

आणि मग नानांची परीक्षा. घेणारी मी, तोवर सुरक्षा समितीची प्रमुख झालेली. नकली काडतुसं भरायची, काढायची, बंदूक खांद्याला लावून स्थिर धरायची. नानांच्या हातातलं काडतूस नळीच्या कडेला आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा ते खाली पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. सगळे छताकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "नानांना सूट द्या हो. नानांना कसली परीक्षा?" खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. जन्मभर कडक कायद्याच्या बाजूने घसा कोरडा केलेली मी, त्या क्षणी पळवाट शोधत होते.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरांच्या पेपरात असंच मार्क देतस काय, मास्तरीन?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "नाना, यंदा तुमची शिफारस होणार नाही."

त्यांनी मान हलवली. घरी गेल्यावर मी रडले. मला वाटत होतं की मी घाई केली, अजून एक वर्ष देता आलं असतं, एका चांगल्या माणसाचा रविवार मी हिरावून घेतला.

नानांनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. त्या वर्षीचा दसरा त्यांनी बंदुकीसोबत काढला आणि दिवाळीनंतर ती कायमची जमा करायचं ठरवलं. जाताना मला बोलावलं. "पयल्यांदा तू एकटी आली होतीस. आता मना सोबत लागते," म्हणाले. काकींनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि आत निघून गेल्या. दारात रिक्षा उभी होती. मी पेटी उचलली आणि थांबले.

"नाना, उघडा."

ते हसले. "आगं, माजी बंदूक हाय ती."

"कुणी बघितली?"

त्यांनी पेटी उघडली, नळीचं तोंड जमिनीकडे केलं आणि बंदूक मोडली. उजव्या नळीतून पलीकडचं अंगण दिसलं. डाव्या नळीत काळोख होता. नानांनी ती उलटी करून हलक्या हाताने ठोकली, तेव्हा सुकून तपकिरी झालेला झेंडू त्यांच्या तळहातावर पडला. दसऱ्याचा. काढायचा राहून गेलेला.

ज्यांनी सगळ्या गावाला उघडून बघायला शिकवलं, ते स्वतः विसरले होते. नानांनी बोटाने त्याच्या सुक्या पाकळ्या उलगडून पाहिल्या. मग त्यांनी ते फूल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बग. काडतूस असतं तर? तू बराबर केलंस, बाय. आता मनाला लावून घेऊ नकोस."

माझ्या मनात काय चाललं होतं, ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मतभेद आमचे आजही आहेत. घरात बंदूक नसावी असं मी अजून म्हणते, आणि नाना अजून मला डुकराची लिफ्ट ऐकवतात. पण कायदा कडक असावा की सैल, असं कोणी विचारलं तर मी आता कलमं सांगत नाही, त्या दारातली गोष्ट सांगते. कडक नियम स्वतःपासून सुरू करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो बंदूकवाल्यांच्या बाजूचा होता, हे माझ्यासारखीला कबूल करावंच लागतं.

गेल्या निवडणुकीत नानांकडे जमा करायला काही नव्हतं. तरी ते सकाळीच ठाण्याच्या आवारात, मी कधीकाळी मटकन बसले होते त्याच बाकावर, जाऊन बसले. रांगेतला प्रत्येक जण त्यांच्यापाशी येताना आपोआप थांबत होता, आणि नाना म्हणत होते, "आदी उघडून दाव."

नाना, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हात थरथरला तरी चालेल, चहा पुसायला आम्ही आहोत. या देशात अजून पुष्कळ निवडणुका व्हायच्या आहेत, आणि त्या प्रत्येक निवडणुकीत तो बाक तुमच्यासाठी मोकळा ठेवायची जबाबदारी माझी.