गुरुवारी शाळा सुटल्यावर

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुने विद्यार्थी भेटतात, एकाला काहीतरी आठवतं, दुसरा म्हणतो, "तसं न्हाई सर, मी तिथंच होतो!" आणि त्या भांडणातून तिसराच किस्सा निघतो. चहा गार होतो तो वेगळाच.

मी मानवतच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. ऐंशीनंतरची वर्षं. आमच्या हेडमास्तरांनी एक टूम काढली. गुरुवारी शाळा सुटली की नववीच्या पोरापोरींनी लोकांच्या उपयोगाचं एखादं काम करायचं, आणि त्यातून जे कळेल ते शुक्रवारी वर्गात मांडायचं. "नुसती झाडलोट नको, नुसतं पाठांतरही नको," ते म्हणायचे. "काम करता करता प्रश्न पडले पाहिजेत!"

प्रश्न पडले. लय पडले!

*

पहिलं काम एसटी स्टँडवर. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गाडीची पाटी वाचून दाखवायची. आमची मंगल एका आजीपाशी गेली. "आजी, ही जिंतूरची गाडी. बसा."

आजी बसल्या. गाडी सुटायच्या वेळी कंडक्टर ओरडला, "चला, पाथरी, पाथरी!" पाटी मागच्या फेरीचीच राहिली होती.

आजी पिशवी सावरत खाली उतरल्या. म्हणाल्या, "बाई, तुला वाचता येतंय ते बरं हाय. पर विचारायला बी शिक!"

शुक्रवारी वर्गात मंगलनं एवढंच सांगितलं. त्याहून चांगला धडा माझ्याकडेही नव्हता.

*

एकदा सहल नेली चारठाण्याला. जुन्या देवळांच्या आवारातलं गवत काढायचं आणि गावकऱ्यांना देवळांची माहिती विचारायची. जो तो एकच सांगायचा, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं."

आमचा दत्ता हट्टी. "एका रात्रीत बांधलं, तर मग अर्धवट का राहिलं?"

"कोंबडा आरवला की!" एक आजोबा म्हणाले. "उजाडलं, अन् पांडव गेले निघून."

येताना दत्ता गाडीत इतिहासाच्या सरांजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "सर, येवढं मोठं काम ज्यानं बंद पाडलं, तो कोंबडा पुस्तकात कसा न्हाई?"

*

दिवाळीच्या सुमारास जवळच्या एका खेड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. लहान लेकरं आजी-आजोबांकडे राहायची. त्यांचा अभ्यास घ्यायचं आम्ही ठरवलं. आमच्या बालाजीचं घर तिथलंच. त्याच्याच अंगणात वर्ग भरवला, आणि अंकगणित बालाजीकडे दिलं.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी बालाजीचे वडील उसाच्या फडावरून परत आले. पोराला न्यायला. "हात कमी पडायलेत, सर. शाळा काय, फुडच्या साली बी हाय."

मी समजावत होतो, ते मान हलवत होते. बालाजी घरात कपडे बांधायला गेला. तेवढ्यात अंगणातली एक चिमुरडी उठली आणि दार अडवून उभी राहिली. "आमचे सर न्हाई येणार!"

वडिलांनी इकडेतिकडे बघितलं. मग पोराकडे. "ह्यो सर कवा झाला?"

चिमुरडीनं पाढा सुरू केला. वडील ओट्यावर बसले, सगळा पाढा होईपर्यंत ऐकत राहिले, आणि एकटेच परत गेले.

*

गावोगावचे बंद हातपंप तपासायचं काम चालू असताना उपक्रम बघायला जिल्हा परिषदेचे एक मोठे साहेब आले. दत्ताला विचारलं, "काय शिकलास बाळ?"

"हातपंप कसा बिघडतो ते, साहेब."

"शाब्बास! आणि दुरुस्त कसा होतो?"

"ते तुमचं हापिस शिकलं, की आमी बघायला येतो!"

हेडमास्तरांनी घाईघाईनं पोह्यांच्या बशा पुढे केल्या.

*

आता शेवटचा. हा सांगताना आमच्यात भांडण होत नाही.

विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा तापलेला. मानवतजवळच्या एका गावात तर गाव आणि बौद्धवाडा यांचं बोलणंच बंद होतं. दोन्हीकडे विहिरी वेगळ्या. गावातल्या बायकांची तक्रार होती, डाळ शिजत नाही. हेडमास्तर मला म्हणाले, "बघा, न्यायचं का पोरांना?" वर्गात पोरं दोन्हीकडची होती. ती म्हणाली, जायचं.

प्रयोग सोपा. पाण्यात साबण हलवायचा. फेस आला तर पाणी हलकं, डाळ शिजते. नाही आला तर पाणी जड. दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि गावातले कर्ते म्हणजे तात्या, त्यांच्या ओसरीवर मंगलनं बाटल्या हलवल्या. बौद्धवाड्याच्या पाण्याला भसाभसा फेस आला. गावच्या पाण्यावर नुसती पांढरी साय!

"बाटल्या बदलल्या असतील," तात्या म्हणाले.

"तुमीच भरा, तात्या," मंगल म्हणाली.

तात्या स्वतः गेले. गावची बाटली स्वतः भरली. बौद्धवाड्याची दुरून उभं राहून भरून घेतली. पुन्हा तेच.   तात्या उठून आत निघून गेले. आम्ही सामान गोळा केलं आणि परतलो.

पुढच्या गुरुवारी आम्ही त्याच गावात गेलो. रस्ता बौद्धवाड्यावरून. बघतो तर तात्यांच्या घरच्या काकू विहिरीपाशी उभ्या. शेजारी घागर. बौद्धवाड्यातली एक बाई पोहरा ओढून त्यांच्या घागरीत पाणी ओतत होती.

पोरं थबकली. मीही.

काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, घागर कमरेवर घेतली आणि आमच्याजवळून जाता जाता म्हणाल्या, "डाळीपुरतंच हो, सर!"

मागून ती पोहरेवाली बाई ओरडली, "उद्या लवकर या. सांजच्याला तुमच्याकडच्याच बायांची गर्दी व्हायलीय!"